घरच्या खलबत्त्यातला मशरूम पेस्टो

कोल्हापूरच्या घरात 'सॉस' म्हटले की आजवर टोमॅटोची लाल बाटलीच डोळ्यांपुढे येत असे. आता तसे राहिलेले नाही. लग्नाच्या दावतीत बिर्याणीच्या देगांशेजारी पास्त्याचा काउंटर लागतो. आठवी-नववीतल्या मुली मोबाइलवर पाहून 'पेस्टो' हा शब्द बिनचूक उच्चारतात. ईदीच्या पैशांतून कॅफेत जाऊन मुले तो खाऊन येतात आणि घरी आल्यावर विचारतात, "अम्मी, हे आपल्याकडे होईल का?"

अम्मीच्या मनात तेव्हा तीन प्रश्न उभे राहतात. त्यात हलाल नसलेले काही असते का? एवढे परदेशी सामान महिन्याच्या खर्चात कसे बसवायचे? आणि अळंबी खाऊन पोराबाळांना काही होणार तर नाही ना?

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. 'नको ते नसते लाड' म्हणून विषय मिटवण्यापेक्षा त्यांची उत्तरे शोधलेली बरी. कारण मुले तो पदार्थ बाहेर खाणारच आहेत. घरी केला तर त्यात काय पडले, हे आपल्याला पानापानासकट ठाऊक असते. या लेखात आम्ही आधी या तीन प्रश्नांकडे पाहू, मग कृतीकडे वळू, आणि शेवटी हा सॉस साठवताना घ्यायच्या एका खबरदारीविषयी सांगू. ती खबरदारी कृतीइतकीच महत्त्वाची आहे.

खर्ड्याचा परदेशी भाऊबंद

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर लिगुरिया नावाचा प्रांत आहे. जेनोवा हे तिथले मुख्य शहर आणि मोठे बंदर. पेस्टो हा तिथला पदार्थ. इटालियन भाषेत 'पेस्तारे' म्हणजे कुटणे. त्यावरून पेस्टो म्हणजे कुटलेले. आपल्याकडे ठेचण्यावरून ठेचा झाला, तसेच हे.

जेनोवाचे लोक आजही संगमरवरी खलात, लाकडी बत्त्याने पेस्टो कुटण्याचा अभिमान बाळगतात. त्यासाठी तिथे दर दोन वर्षांनी जागतिक स्पर्धा भरते आणि स्पर्धकांना हातानेच कुटावे लागते, मिक्सर चालत नाही. खलात सात जिन्नस पडतात: बेसिल नावाची सुगंधी पाने, लसूण, चिलगोज्यासारख्या पाइनच्या बिया, दोन प्रकारचे मुरवलेले चीज, जाडे मीठ आणि ऑलिव्हचे तेल.

आता कोल्हापूरचा खर्डा आठवा. तव्यावर तेलात परतलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, मीठ, भाजलेले शेंगदाणे, वाटल्यास कोथिंबीर. हिरवे काहीतरी, लसूण, तेलकट दाणा, मीठ आणि तेल, हा सांगाडा दोन्हीकडे एकच आहे. फरक एवढाच, की आपल्याकडे मिरचीचा जाळ पुढे असतो आणि तिकडे पानाचा सुगंध. ज्या घरात खर्डा होतो, त्या घरात पेस्टो होणार नाही असे कारणच नाही.

अळंबी मात्र जेनोवाच्या मूळ पेस्टोत नसते. ती नंतर जोडलेली. पण त्यात बिघडले काही नाही. जेनोवाच्या पाककलेवरचे जोव्हान्नी बात्तिस्ता रात्तो यांचे पुस्तक १८६३ सालचे आहे. पेस्टोची छापील कृती पहिल्यांदा दिली ती त्यांनीच, असे मानतात. त्या कृतीतही बेसिल मिळाले नाही तर दुसरी सुगंधी पाने घेण्याची मुभा आहे, आणि चीजही एक इटलीचे तर एक हॉलंडचे आहे. म्हणजे ज्या गावात जे मिळेल त्यावर भागवायचे, ही रीत पेस्टोत सुरुवातीपासून आहे. आपण तेच करणार आहोत.

बेसिल म्हणजे आपला सब्जाच

बेसिलची पाने मोठ्या शहरांतल्या महागड्या दुकानांत प्लॅस्टिकच्या डबीत मिळतात. दहा-बारा काड्यांना जे पैसे पडतात, त्यात आपल्या मंडईत आठवड्याची कोथिंबीर येते. म्हणून पुष्कळ भगिनी इथेच थांबतात. पण वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात बेसिलचे नाव ऑसिमम बॅसिलिकम असे दिलेले असते, आणि आपल्या सब्जाचे नावही तेच. दोघे एकाच जातीचे, फक्त वाण वेगळे.

सब्जा आपल्या घरांना नवा नाही. रमजानमध्ये इफ्तारच्या सरबतात आणि फालुद्यात फुगून चमकणारे काळे बी सब्जाचेच. उर्दूत त्याला 'तुख्म-ए-रैहान' म्हणतात, म्हणजे रैहानचे बी. 'रैहान' हा शब्द कुरआन शरीफमध्ये सूरह रहमानमध्ये येतो, सूरह वाकिआमध्येही येतो. तिथे त्याचा अर्थ सुगंधी वनस्पती असा घेतात. अरबी बोलणाऱ्या बऱ्याच मुलखांत आज रैहान म्हटले की हेच झाड समजतात. आणि शबे बरातला कबरस्तानाच्या वाटेवर फुलांच्या ओंजळीबरोबर ज्या हिरव्या, सुवासिक जुड्या विकायला असतात, त्याही सब्जाच्याच. ज्या पानाचा वास आपण लहानपणापासून आपल्या माणसांच्या आठवणीबरोबर ओळखतो, तेच पान जेनोवाच्या खलात पडते.

मात्र कबरीवरचा सब्जा किंवा फुलवाल्याची जुडी स्वयंपाकात वापरू नये. कबरीवरच्या रोपाचा मान वेगळा. आणि फुलबाजारातला माल खाण्यासाठी पिकवलेला नसतो, त्यावर कोणती फवारणी झाली हे आपल्याला कळत नाही. घरीच कुंडीत लावावा. फालुद्याच्या पुडीतले चिमूटभर बी ओल्या मातीवर भुरभुरावे, वर अगदी पातळ मातीचा थर द्यावा आणि कुंडी उन्हात ठेवावी. आठवडाभरात अंकुर दिसतात. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा, म्हणजे बाजूने फांद्या फुटतात. तुरे येऊ लागले की तेही खुडावेत, कारण फुलोऱ्यानंतर पान निबर आणि कडवट होते. दीड-दोन महिन्यांत एका कुंडीतून वेळोवेळी मूठभर पाने मिळू लागतात.

इटलीच्या बेसिलचे पान मोठे, मऊ आणि गोडसर वासाचे असते. आपला सब्जा बारीक पानाचा आणि वासाला अधिक उग्र. म्हणून नुसता सब्जा न घेता निम्मा सब्जा आणि निम्मी कोथिंबीर घ्यावी. शेजारच्या अंगणातली तुळस याच कुळातली असली तरी जात वेगळी, चव लवंगेसारखी तिखट. शिवाय ती शेजाऱ्यांच्या श्रद्धेची गोष्ट आहे, तिला स्वयंपाकात ओढण्याचे कारण नाही.

चिलगोज्याऐवजी शेंगदाणे

पाइनच्या बियांच्या जवळचा आपल्याकडचा मेवा म्हणजे चिलगोजा. तो हिमाचलातल्या किन्नौरमधून आणि अफगाणिस्तानातून येतो. सुक्या मेव्याच्या दुकानात त्याचा भाव विचारला तरी हात मागे येतो. या बियांचे काम काय, ते ध्यानात घेतले की मार्ग सापडतो. सॉसला दाटपणा द्यायचा, लसणाचा तिखटपणा बोथट करायचा आणि तेल व पाने एकजीव धरून ठेवायची, एवढेच ते काम. शेंगदाणे ते उत्तम करतात. मंद आचेवर भाजून साले काढलेले शेंगदाणे घ्यावेत. घरात कोणाला शेंगदाणे सोसत नसतील तर पंढरपुरी डाळे घ्यावे.

तेलाचेही तसेच. ऑलिव्ह तेल घरात असेल तर जरूर वापरा, नसेल तर खास त्यासाठी बाटली आणू नका. घाण्याचे शेंगतेल चालते. त्याचा वास शेंगदाण्याच्या जोडीला शोभून दिसतो. एक गोष्ट लक्षात ठेवा. चांगल्या प्रतीचे ऑलिव्ह तेल मिक्सरच्या जोरदार फिरण्याने कडवट होऊ शकते. म्हणून ते शेवटी चमच्याने मिसळावे.

चीज: हिरवी खूण पाहून

हलालचा प्रश्न खरा येतो तो चीजपाशी. दूध फाडून चीज करताना रेनेट नावाचे विरजण लागते. ते परंपरेने वासराच्या किंवा कोकराच्या पोटातल्या आवरणातून काढतात. पेस्टोत पडणारे इटलीचे प्रसिद्ध 'पार्मिजानो रेज्जानो' चीज नियमानेच वासराच्या रेनेटवर केले जाते. ते वासरू कसे जबह झाले, हे डब्यावर लिहिलेले नसते. अशा रेनेटविषयी उलमांमध्ये मतभेद आहेत आणि त्याचा निवाडा करणे हे आमचे काम नाही. पण घरच्या पेस्टोसाठी त्या वादात पडण्याची गरजच उरत नाही. सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले रेनेटही असते आणि आपल्या देशात तयार होणारे नेहमीचे चीज त्यावरच बनते. भारतीय अन्नमानकातच चीजसाठी प्राणिज नसलेले रेनेट सांगितलेले आहे. पाकिटावर हिरवी खूण पाहावी, घटकांची यादी वाचावी आणि निःशंक मनाने घ्यावे. आयात केलेल्या चीजच्या बाबतीत मात्र यादी वाचल्याशिवाय हात लावू नये.

बाहेर खाताना आणखी एक गोष्ट विचारावी. युरोपीय पद्धतीत मशरूम परतताना कढईत व्हाइट वाइन ओतण्याची रीत आहे. "उकळल्यावर ती उडून जाते" असे सांगितले जाते, पण ती सगळी उडून जात नाही. आणि आपला प्रश्न ती किती उरली हा नसून मुळात ती घातली का, हा आहे. 'यात वाइन आहे का?' हे मुलांनी कॅफेत न संकोचता विचारावे, हे त्यांना घरातूनच शिकवलेले बरे. घरी आंबटपणासाठी लिंबू पुरेसे आहे.

अळंबी: बाजारची घ्या, रानातली नको

आम्ही वर्गात उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे एका शब्दाचा घोळ इथे सांगावासा वाटतो. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत हजरत सईद बिन जैद रजि. यांच्याकडून आलेल्या एका रिवायतीत 'कम्अ' नावाच्या वनस्पतीचा उल्लेख आहे. ती 'मन्न'पैकी आहे आणि तिचे पाणी डोळ्यांसाठी गुणकारी आहे, असा त्याचा आशय. उर्दू तर्जुम्यांत 'कम्अ'साठी बहुधा 'खुंबी' हा शब्द येतो, आणि खुंबी म्हणजे मशरूम, असे आपण धरून चालतो. पण अरबस्तानातला 'कम्अ' हा पावसानंतर वाळवंटात जमिनीखाली वाढणारा, बटाट्यासारखा दिसणारा कंदवजा प्रकार आहे. पांढऱ्या छत्रीचे बटन मशरूम ते नव्हे. म्हणून या रिवायतीच्या आधारावर बाजारातल्या मशरूमचे पाणी कोणी डोळ्यांत घालू नये. डोळ्यांचे दुखणे डॉक्टरांना दाखवावे.

खाण्यासाठी मात्र मशरूम निश्चितपणे हलाल आहे, जोवर ते विषारी नाही. पावसाळ्यात हा 'जोवर' फार मोलाचा ठरतो. मृगाचे पाणी पडले की गगनबावडा, राधानगरीकडच्या रानात आणि बांधावर अळंबी उगवते. वारुळावरची अळंबी जाणकार माणसे पिढ्यान्‌पिढ्या खात आली आहेत. तिची चव न्यारी, यात वाद नाही. गोव्यात तिला 'ओळमी' म्हणतात आणि पावसाळ्यात तिच्यासाठी लोक वाटेल तो भाव मोजतात. पण ती ओळखणे हे पुस्तक वाचून किंवा मोबाइलवर चित्र पाहून जमणारे काम नाही. एप्रिल २०२२ मध्ये आसाममध्ये रानटी अळंबी खाऊन किमान १३ जणांचा जीव गेला. त्यांतले बहुतेक चहाच्या मळ्यांच्या भागातले कष्टकरी होते.

विषारी अळंबीचे कपट असे, की तिच्यातले सर्वांत घातक विष शिजवल्याने जात नाही. त्रास लगेचही होत नाही. सहा-बारा तासांनी किंवा त्याहून उशिरा उलट्या-जुलाब सुरू होतात, मध्ये बरे वाटल्यासारखे होते आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागते. 'चांदीचे नाणे काळे पडले तर विषारी', 'लसूण काळवंडला तर विषारी', 'किड्यांनी खाल्लेली असेल तर चांगली' या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. तेव्हा शाळेच्या आवारात किंवा घरामागे उगवलेल्या कुत्र्याच्या छत्र्यांना मुलांनी हात लावू नये, आणि पेस्टोसाठी लागवडीचीच अळंबी घ्यावी.

लागवडीचे दोन प्रकार आपल्याकडे सहज मिळतात. एक पांढरे, गोल बटन मशरूम. ते साधारण २०० ग्रॅमच्या पाकिटात येते. दुसरी शिंपल्याच्या आकाराची धिंगरी. ती भाताच्या किंवा गव्हाच्या काडावर वाढवतात आणि आपल्या हवेत ती सोपी जाते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीवरचा संशोधन प्रकल्प कित्येक वर्षे चालू आहे. घरातल्या एखाद्या अंधाऱ्या, थंड खोलीत धिंगरी वाढवू इच्छिणाऱ्या भगिनींनी तिथे चौकशी करावी.

घेताना पाकीट डोळ्यांजवळ धरून पाहा. छत्री घट्ट मिटलेली, कोरडी आणि पांढरी हवी. बुळबुळीत, काळे ठिपके पडलेले किंवा आंबूस वासाचे पाकीट परत ठेवा. घरी आणल्यावर प्लॅस्टिकमधून काढून कागदी पिशवीत, फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा.

मशरूमला 'शाकाहारी मटण' म्हणतात, पण ते अर्धवट खरे आहे. १०० ग्रॅम मशरूममध्ये प्रथिने साधारण ३ ग्रॅमच असतात, तर एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. एक गुण मात्र खास आहे. चिरलेल्या मशरूमच्या चकत्या भर दुपारच्या उन्हात अर्धा तास ठेवल्या तर त्यांच्यात ड जीवनसत्त्व तयार होते. ज्या घरात ऊन कमी येते, तिथे गच्चीवर ताट ठेवायला काही खर्च नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र त्यापायी बंद करू नये.

कृती

चार माणसांसाठी, साधारण एक वाटी सॉस:

बटन मशरूम किंवा धिंगरी २०० ग्रॅम. सब्जाची पाने एक मूठ. कोथिंबीर एक मूठ. लसणाच्या २ मोठ्या पाकळ्या. भाजून सोललेले शेंगदाणे ३ मोठे चमचे. किसलेले चीज २ मोठे चमचे. हिरवी मिरची १, ऐच्छिक. तेल ४ मोठे चमचे. लिंबाचा रस १ छोटा चमचा. मिरेपूड आणि मीठ.

१. मशरूम नळाखाली भरभर धुवा आणि लगेच स्वच्छ फडक्याने पुसा. पाण्यात भिजत ठेवू नका. पातळ चकत्या करा.

२. पसरट तवा किंवा कढई चांगली तापवून एक चमचा तेल घाला आणि चकत्या पसरा. मीठ आताच घालू नका. मशरूममध्ये दहात नऊ भाग पाणीच असते, ते सुटू लागेल. झाकण न ठेवता, मोठ्या आचेवर ते सगळे आटू द्या. तव्यावर चर्र आवाज येऊन कडा तांबूस झाल्या की मशरूम तयार. या आठ-दहा मिनिटांत घाई केली तर सॉस पचपचीत होतो. पाकीटभर मशरूमचे मूठभर झालेले पाहून दचकू नका, चव त्या मुठीतच उतरते. ताटात काढून पूर्ण थंड करा.

३. पाने धुऊन फडक्यावर कोरडी करा. पानांवर पाणी राहिले तर रंग काळपट होतो.

४. खलबत्त्यात आधी लसूण आणि मीठ कुटा. मिठाच्या खड्यांनी लसूण लवकर मऊ होतो. मग शेंगदाणे घालून भरड करा. नंतर मिरची आणि पाने थोडी थोडी घालत जा. पाने आपटून न कुटता बत्ता खलाच्या कडेने फिरवत रगडा, म्हणजे त्यांचा सुगंध सुटतो.

५. आता गार मशरूम घालून जाडसर ठेचा. पार लगदा करू नका, दाताखाली थोडे यायला हवे.

६. चीज, मिरेपूड आणि लिंबाचा रस मिसळा. उरलेले तेल धारेने घालत चमच्याने एकजीव करा. मीठ शेवटी चाखून पाहा, कारण चीजमध्येही मीठ असते.

पाटा-वरवंटा असेल तर त्याहून उत्तम. मिक्सर वापरायचा तर भांडे आधी दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवा आणि सलग न फिरवता थांबत थांबत फिरवा. पात्याच्या उष्णतेने पाने काळी पडतात.

हे काम मुलांना द्यावे, मुलींना आणि मुलग्यांनाही. खलबत्ता कुटायला ताकद लागते आणि दहावीतल्या मुलाकडे ती भरपूर असते. ज्या पोराने स्वतः पेस्टो कुटला, ते पानात काही टाकून उठत नाही. इस्राफ करू नये, हे तोंडी सांगण्यापेक्षा असे लवकर समजते.

हा सॉस म्हणजे लोणचे नव्हे

आता त्या खबरदारीकडे येऊ. आपल्या घरांतली समजूत अशी, की वर तेलाचा थर असला की पदार्थ टिकतो. लोणच्याच्या बाबतीत ते खरे आहे, पण लोणचे तेलापेक्षा मिठामुळे आणि आंबटपणामुळे टिकते. तेल फक्त हवा अडवते. आपल्या सॉसमध्ये मीठ चवीपुरते आणि लिंबू चमचाभर. तो बरणीत भरून वर तेल ओतून फडताळात ठेवला, तर आपण एका भयंकर जंतूची सोय करून ठेवतो.

त्या जंतूचे नाव क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. त्याची बीजे मातीत असतात, म्हणून लसणावर आणि मशरूमवरही असू शकतात. साध्या उकळण्याने ती मरत नाहीत. हवा नाही, आंबटपणा नाही आणि खोलीची ऊब आहे, अशा जागी ती वाढतात आणि विष तयार करतात. तेलात बुडालेला लसूण म्हणजे नेमकी अशी जागा. कॅनडातल्या व्हँकूवर शहरात १९८५ साली एका उपाहारगृहात फ्रिजबाहेर ठेवलेल्या, तेलातल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना ही विषबाधा झाली. पदार्थाला वास येत नाही, चव बदलत नाही, बुरशी दिसत नाही. म्हणून 'चाखून पाहू' हा उपाय इथे चालत नाही.

नियम सोपे आहेत. एका वेळी एका जेवणापुरता किंवा दोन-तीन दिवसांपुरताच सॉस करा. केल्या केल्या झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि ३ दिवसांत संपवा. लागेल तेवढाच बाहेर काढा, जेवणभर डबा दस्तरखानावर ठेवू नका. जास्त झाला तर चीज न घालता बर्फाच्या साच्यात भरून फ्रीझरमध्ये गोठवा. तो दोन-तीन महिने राहतो, चीज वापरताना घाला. रात्रभर वीज गेली आणि फ्रिज कोमट झाला, तर उरलेला सॉस टाकून द्या. टाकताना जीव तुटतो, पण हा इस्राफ नव्हे, जिवाची राखण आहे. असे काही खाल्ल्यानंतर एकाचे दोन दिसू लागले, पापण्या जड होऊन मिटू लागल्या, बोलताना किंवा गिळताना अडखळले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता सरळ रुग्णालय गाठावे आणि काय खाल्ले ते डॉक्टरांना सांगावे.

याच कारणाने बचतगटाच्या भगिनींना आमची कळकळीची विनंती आहे. चटण्या-मसाले विकता तसा हा सॉस बाटल्यांत भरून विकू नका. त्यासाठी आंबटपणा मोजून, तपासून घेण्याची वेगळी पद्धत लागते. अन्नसुरक्षा विभागाकडे नोंदणी झाली म्हणजे ती तपासणी झाली, असे होत नाही. त्याऐवजी मशरूम कडकडीत वाळवून शेंगदाणे, सुके खोबरे आणि तिखटाबरोबर कोरडी चटणी करता येते. पूर्ण कोरड्या पदार्थात हा धोका राहत नाही.

कशाबरोबर खावा

पास्ता करायचा तर चौघांना २५० ग्रॅम कोरडा पास्ता पुरतो. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात तो शिजवा, पण गाळताना अर्धी वाटी पाणी मागे ठेवा. गॅस बंद करून गरम पास्त्यात सॉस आणि ते पिठूळ पाणी घालून हलवा. सॉस कढईत शिजवू नका, पानांचा सुगंध उडतो.

पण त्यासाठी पास्ताच हवा असे नाही. ज्वारीच्या गरम भाकरीवर हा सॉस खर्ड्यासारखा लावून पाहा. चपातीच्या रोलमध्ये भाजलेल्या चिकनच्या तुकड्यांबरोबर तो छान लागतो. उकडलेले अंडे अर्धे करून वर चमचाभर घातला, तर इफ्तारच्या दस्तरखानावर तळणाऐवजी एक हलका पदार्थ होतो. सेहरीला पावाच्या दोन कापांमध्ये लावला तर पोटाला आधार होतो. घरातल्या आजीला चीज नको असेल तर तिच्यापुरता चीज न घालता काढून ठेवा आणि मिरची एक जास्त घाला. ती त्याला खर्डाच म्हणेल, आणि तिचे काही चुकणार नाही.

कुरआन शरीफमध्ये जमिनीवरचे अन्न खाण्याविषयी सांगताना 'हलाल' आणि 'तय्यिब' हे दोन शब्द जोडीने आले आहेत. हलालची चौकशी आपण करतो, आणि करायलाच हवी. तय्यिब म्हणजे स्वच्छ, चांगले, अंगी लागणारे. तिकडे मात्र आपले दुर्लक्ष होते. पाकिटावरची खूण पहिल्या शब्दापुरती पुरेल. दुसऱ्यासाठी मशरूम ताजे पाहून घ्यावे लागते, पान आपल्या कुंडीतले असावे लागते, डबा वेळेवर फ्रिजमध्ये जावा लागतो आणि तिसऱ्या दिवशी संपवावा लागतो. ही कामे कोणताही शिक्का आपल्यासाठी करून देत नाही. ती घरातल्या हातांनीच करायची असतात. येत्या रविवारी मंडईतून मशरूमचे एक पाकीट आणा. सब्जाचे रोप तयार व्हायला वेळ आहे, तोवर नुसत्या कोथिंबिरीवर भागवा. फालुद्याचे चिमूटभर बी मात्र त्याच दिवशी कुंडीत टाका.